खाटेसमोरचं चित्र

नवऱ्याचा, हितेंद्रचा, जळगावहून फोन आला तेव्हा मयुरी तुळशीला पाणी घालून नुकतीच आत आली होती.

"झालं गं ऑपरेशन. पंधरा मिनिटांचं काम. नाना बाहेर येऊन पहिलं काय म्हणाले असतील? चहा आहे का! उद्या सकाळी पट्टी सोडतील, दुपारपर्यंत आम्ही रावेरला."

"दिसतंय का त्यांना?"

"पट्टी आहे ना डोळ्यावर! उद्या दिसेल. उजवा झाला, डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, एवढा पिकलेला मोतीबिंदू घेऊन हा माणूस चित्रं काढत होता, हेच नवल."

फोन ठेवून मयुरीने देवापुढे हात जोडले. त्या दिवशी संकष्टी होती. सासऱ्यांना नीट दिसू दे, हे मागणं महिनाभर रोज चाललं होतं. आज मात्र हात जोडले आणि पुढचे शब्द ओठांवर येईनात. नानांना दिसू लागलं की ते मधल्या खोलीत जाणार, आणि मधल्या खोलीत भिंतीवर ते चित्र होतं. उद्या दुपारच्या आत त्याचं काय करायचं ते तिला एकटीला ठरवायचं होतं.

जीवराम नाना म्हणजे यावलच्या शाळेतले चित्रकलेचे सर. बत्तीस वर्षं पोरांना भेंडीचे ठसे आणि फुलदाणी शिकवली, पण जीव सगळा जलरंगात. रविवार उजाडला की पाठीला पिशवी, हातात पाण्याचा डबा, आणि स्वारी सायकलवर तापीकाठी नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याला. त्यांच्या चित्रातलं ऊन पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. केळीच्या पानावरून घरंगळणारं, बांधावर सांडलेलं, नुसतं बघून डोळे बारीक व्हावेत असं. मयुरी धुळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिला पहिला धडा दिला तो हाच. "पोरी, ऊन रंगवायचं नसतं. सोडायचं असतं. जिथं ऊन आहे तिथं कागदाले हात लावायचा नाही. लेमन यलोचा एक पातळ हात, बस, अन् मग गप बसायचं. जलरंगात चुकलेलं झाकता येत नाही."

निवृत्तीनंतर तीच त्यांची मदतनीस झाली. कागद ताणून बसवणं, ब्रश धुणं, पाणी बदलणं, मागतील ती ट्यूब हातात देणं. सासूबाई, म्हणजे मंदाबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, ओट्याजवळून हसायच्या. "नवरा केळीच्या ट्रकावर अन् बायको सासऱ्याच्या रंगात. धुळ्याची पोरगी आणली तं घराचं चित्रच बदललं." मयुरीही मुद्दाम आपल्या अहिराणीत, 'आहे'ला 'शे' म्हणत, उत्तर द्यायची, "आमनाकडे असंच शे, आक्का." मग आक्का दिवसभर "शे, शे" करून तिला चिडवत राहायच्या.

गेल्या तीनचार वर्षांत चित्रं बदलली. एकदम नाही. आधी आभाळ जरा मळल्यासारखं झालं, मग हिरवा काळवंडला, मग बांधावरचं ऊन गेलं. जिथं एक हात द्यायचा तिथं नाना तीन-चार हात देऊ लागले. "उठतच नाही रंग," म्हणायचे. "दुकानदारानं जुना कागद दिला बघ, पिवळा पडलाय." कागद तर दुधासारखा पांढरा होता. पण मयुरीला वाटलं, वय झालं, आणि आक्कांच्या पोटाचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. माणसाचं मन झाकोळलं की हातही झाकोळतो. सगळ्यांना तसंच वाटलं. जळगावच्या प्रदर्शनात तिथले नावाजलेले चित्रकार योगराज सरांनी नानांचे दोन्ही हात धरले होते. "नाना, काय उदासी उतरलीय! आता कुठे तुम्ही खरे चित्रकार झालात."

"उदासी?" नाना म्हणाले. "अहो, ही यावल रस्त्यावरची सकाळ आहे. भर आठची."

सगळे हसले. नानांचा विनोद म्हणून. नानाही मग हसले.

पौषात आक्का खाटेला खिळल्या. दुखणं आता बरं होणारं नाही हे डॉक्टरांनी हितेंद्रला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि आक्कांना कुणी न सांगताच कळलं होतं. त्यांनी एकच मागितलं. त्यांचं माहेर सुकी नदीच्या अंगाला. तिथली केळीची बाग, बागेतून विहिरीकडे जाणारी पायवाट, आणि त्या वाटेवर सकाळी पडणारं ऊन त्यांना एकदा बघायचं होतं. गाडीत बसवत नव्हतं, तर जाणार कशा? नाना म्हणाले, "तू नको जाऊ. मी आणतो."

जुन्या वह्यांतली रेखाटनं काढून ते आठ दिवस बसले. मयुरी ट्यूबा देत होती. पहिल्या दिवशी लेमन यलोचा पहिला हात बसला आणि खोलीत खरंच उजाडल्यासारखं झालं. नानांनी कागद तिरका करून बघितला, नाक लावलं, आणि म्हणाले, "काहीच आलं नाही. अजून दे." मग तिच्या डोळ्यांदेखत त्या पिवळ्यावर गेरू आला, गेरूवर तपकिरी, पानांवर निळ्याच्या जागी काळपट. सोडलेली पांढरी जागा त्यांना दिसेना, तीही भरून गेली.

तिसऱ्या दिवशी तिने धीर केला. "नाना, जरा काळोखं होतंय का?"

नानांचा ब्रश थांबला. ते चिडके नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. "काळोखं? तिच्यासाठी ऊन काढून राह्यलो मी, अन् तुले काळोख दिसतो? मले काय करणं आहे ते मले माहीत आहे, मयुरी."

खाटेवरून आक्कांनी तिला खूण केली. नाना बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "त्यायले काही बोलू नको. त्यायचं मन आता ताब्यात नाही."

त्यानंतर नाना विचारायचे, "ऊन आलं का?" आणि मयुरी म्हणायची, "हो, नाना." "वाट उजळली?" "हो." दिवसातून चार वेळा. जिभेला सवय झाली.

चित्र काचेत बसवून संक्रांतीला खाटेसमोर टांगलं. नाना पायथ्याशी बसून म्हणाले, "घे. तुझ्या बागेतली सकाळ." आक्कांनी बराच वेळ बघितलं. "बेस आहे," म्हणाल्या. आणि पुढचे पाच महिने, जाग असेल तेवढा वेळ, त्यांच्या डोळ्यांपुढे तीच काळी बाग आणि तीच बुडालेली पायवाट.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी मयुरी त्यांचे पाय चेपत होती. आक्का म्हणाल्या, "पोरी, खाट फिरव माही. डोकं तिकडं कर."

"का हो, आक्का? चित्र दिसणार नाही मग."

"म्हणूनच." त्यांचा आवाज शांत होता. "तोंडानं सकाळ म्हणतात बिचारे. पण हाताले खोटं बोलता येत नाही. त्यायनं मले मनातून पोहोचवून दिलंय गं. त्या वाटेनं. रोज पाहते मी. आता नाही पाहवत."

"असं नका म्हणू."

"त्यायले सांग, खिडकीचा उजेड डोळ्यावर येतो."

मयुरीने नानांना तेच सांगितलं. त्यांनीच हातभार लावून खाट फिरवली. पंधरा दिवसांनी, ज्येष्ठात, आक्का गेल्या. चित्राकडे पाठ करूनच गेल्या.

आषाढी एकादशीला गल्लीतल्या बायकांनी चातुर्मासाचे नेम धरले. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा-लसूण, कुणी एकभुक्त. मयुरीने देवापुढे पाणी सोडलं की कार्तिकीपर्यंत खोटं बोलणार नाही. शेजारची भिकुबाई तोंडाला पदर लावून हसली होती. "त्यापेक्षा वांगे सोड व माय, सोपं जाईन."

आणि भाद्रपदात नाना ओसरीची पायरी चुकून पडले, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. चित्रकार म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. नाना बाहेर जाऊन बसल्यावर ते म्हणाले, "ह्यांना फिकट पिवळा कागदावर दिसतच नसणार. निळा, काळा, तपकिरी सगळं एकच. तीन-चार वर्षं तरी झाली असतील. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मयुरीला उलगडलं ते तेव्हा. नानांचं मन झाकोळलेलं नव्हतंच. नानांनी आक्कांसाठी ऊनच काढलं होतं. आक्का मात्र उलटंच समजून गेल्या. आणि ह्या दोघांच्या मध्ये उभं राहून "हो, हो" म्हणणारी ती होती. एक दिवस जरी तिने नेट लावून खरं सांगितलं असतं, तर पौषातच डोळे तपासून झाले असते.

आता नाना उद्या येतील, चित्र बघतील आणि विचारतील. आणि तिने तर नेम धरला होता.

तिने स्टूल घेऊन चित्र उतरवलं. तेवढ्यात भिकुबाई साबुदाण्याची वाटी घेऊन आत आली.

"अवं, हे कुठी चालवलं?"

"कोठीमागे ठेवते."

"बरं करते," भिकुबाई म्हणाली. "मले तं ते पाहून पाऊस येईन असं वाटे. मी मंदाले म्हनलंही एकदा, तुह्या माहेरी आभाळ भरून आलं का व? तं हसली. नानाले कोन सांगन बापा? एवढा मोठा मास्तर." वाटी ठेवून ती निघून गेली.

म्हणजे गल्लीलाही दिसत होतं. कोठीमागे ठेवून काय होणार? नाना विचारतीलच, चित्र कुठे आहे. तिने चित्र काचेतून सोडवलं, ओट्यावर आडवं ठेवलं आणि नानांचा रुंद ब्रश पाण्यात भिजवला. जलरंग ओला केला की सुटतो, हे तिने त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. उजव्या कोपऱ्यातल्या आभाळावर तिने ब्रश फिरवला, कापसाने टिपलं. कापूस चहासारखा झाला. पुन्हा फिरवला, पुन्हा टिपलं. तपकिरी गेला, गेरू गेला, आणि खालून तो पहिला हात वर आला. लेमन यलो, कागदात मुरलेला, स्वच्छ.

तळहाताएवढी सकाळ. असंच पुढे गेलं तर सगळी बाग उजळेल. नाना येतील, बघतील, म्हणतील, बघ, किती छान आलंय. काही विचारणारच नाहीत. तिला बोलावंच लागणार नाही. तिने ब्रश पानांवर आणला. तिथे कागद सुजला होता. त्याची भुकटी ब्रशला चिकटून आली आणि पाणी काळं होऊन मोरीकडे वाहिलं.

त्या ओघळाकडे बघताना ती थांबली. आक्का पाच महिने जे बघत होत्या ते मोरीत चाललं होतं. त्या काय समजून बसल्या, कशाकडे पाठ करून गेल्या, ह्याचा जगात हा एकच पुरावा होता. तो धुऊन टाकला तर ती तोंडाने खोटं बोलणार नव्हती एवढंच. नेमाला लबाडी चालत असती तर मग वांगंच सोडलं असतं.

तिने चित्र वाळवलं, काचेत घातलं आणि होतं तिथे टांगलं. कोपऱ्यातली ती धुतलेली पिवळी जागा तळहात उमटल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना रिक्षातून उतरले ते काळा चष्मा कपाळावर चढवूनच. हितेंद्र मागून ओरडत होता, "नाना, चष्मा! ऊन लागेल!"

"लागू दे. चार वर्षांनी लागतंय." ते अंगणात उभे राहून गरगर बघत होते. "हा तुझा शर्ट निळा आहे? मी तर काळा समजून राह्यलो होतो. अन् ही तुळस बघ, मंजिऱ्या जांभळ्या! मयुरी, घराले रंग कधी दिला?"

"दिवाळीला, नाना. मागच्या."

कुंपणाशी भिकुबाई पदर सावरून उभी होती. "मी कशी दिसते, नाना?"

"होती तशीच, भिकुबाई. काय करता, वाईट बातमी आहे."

भिकुबाई "मेलं हे म्हातारं" म्हणत खळखळून हसली. मयुरीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की नाना चपला काढून आत गेले आहेत.

ती मागोमाग गेली. नाना मधल्या खोलीत चित्रासमोर उभे होते. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, विसरून राहिल्यासारखं तिथेच होतं. मग त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने, न झालेल्या डोळ्याने बघितलं. हात बदलला. डावा झाकला. पुन्हा उजवा.

"ह्या डाव्या डोळ्यानं सकाळ आहे, मयुरी," ते म्हणाले. "अन् ह्यानं..." जवळ जाऊन त्यांनी त्या पिवळ्या कोपऱ्यावर, काचेवरून, बोट ठेवलं. "हा माझा पहिला हात. कुणी धुतला?"

"मी."

"काहून?"

"तुम्हाला कळू नये म्हणून. मग नाही धुववलं."

नाना खाटेच्या कडेवर बसले. खाट अजून फिरवलेलीच होती. "तिनं हेच पाह्यलं? असंच?"

"हो."

"तू मले रोज सांगत होती. ऊन आलं म्हणून."

"हो, नाना. खोटं सांगत होते."

बाहेर हितेंद्र रिक्षावाल्याशी केळीच्या मालाबद्दल काहीतरी बोलत होता. नाना खाटेच्या उशाकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग खिडकीकडे. मास्तर माणूस. हिशोब त्यांचा त्यांनीच लावला. "ह्या खिडकीतून दुपारचं ऊन डोळ्यावर येत नाही," ते सावकाश म्हणाले. "उत्तरेची आहे. मले तेव्हा कसं सुचलं नाही? खाट कशानं फिरवली, पोरी?"

गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. पण नाना तिच्याकडे बघत होते, त्या धुतल्यासारख्या नव्या डोळ्याने, आणि तिने सांगितलं. आक्का जे म्हणाल्या ते, त्यांच्याच शब्दांत. हाताले खोटं बोलता येत नाही. मनातून पोहोचवून दिलं. त्या वाटेनं. सांगताना ती रडली. नाना रडले नाहीत. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते डॉक्टरांचं ऐकणारे होते.

खाटेच्या उशावरून हात फिरवत म्हणाले, "पाठ केली ते बरं केलं तिनं. मी असतो तर मीही केली असती." आणि मग, "तू जा. चहा टाक हितेंद्रले."

ते रागावले नाहीत, कधीच नाही. मयुरीने वाट बघितली, चार शब्द बोलतील, एकदा तरी टाकून बोलतील, तर हलकं होईल. तसं काही झालं नाही. तिच्या हातचं जेवत होते, वेळेवर तिच्याकडून डोळ्यात थेंब घालून घेत होते. कागद, ब्रश, ट्यूबा त्यांनी आपल्या हाताने कपाटात ठेवल्या. कार्तिकी आली, बायकांचे नेम सुटले, भिकुबाईने वांग्याचं भरीत केलं आणि वाटीभर आणून दिलं. नानांनी अंगणात बसून ते खाल्लं, चांगलं झालंय म्हणाले. पण आभाळ कसं आहे, ही साडी कोणत्या रंगाची, असं डोळे तपासून आल्यापासून दिवसातून दहा वेळा विचारायचे, ते त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही. आता त्यांना स्वतःला दिसत होतं. विचारायचं कारणच उरलं नव्हतं, असं ती मनाला समजावायची.

डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा हितेंद्रने सुट्टी टाकली, गाडी सांगितली. नाना म्हणाले, "राहू दे इतक्यात."

"अहो नाना, डॉक्टर म्हणाले, जास्त पिकला तर कठीण जाईल. काय ठेवायचंय त्या डोळ्यात?"

"तुले नाही कळायचं."

हितेंद्रने मयुरीकडे बघितलं. तू सांग, तुझं ऐकतात, असा अर्थ. तिचं ऐकायचे ते दिवस कुठे गेले हे त्याला माहीत नव्हतं.

गाडी परत पाठवली. तिसऱ्या प्रहरी थेंबांची बाटली घेऊन ती मधल्या खोलीच्या दारात गेली. नाना आक्कांच्या खाटेवर बसले होते. खाट त्यांनी पुन्हा पहिल्यासारखी, चित्रासमोर करून घेतली होती. उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबलेला, आणि डाव्या, गढूळ डोळ्याने ते समोर बघत होते. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखा तो डोळा किंचित बारीक झाला होता.

"नाना, थेंब," ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं असावं. हात मात्र काढला नाही, आणि ती बाटली धरून दारातच उभी राहिली.